अंटार्क्टिकाला लहान जहाजानं जायचं तर पैसे कशावर घालावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, बाबा ६८ चे, आई ६४ च्या, आणि दोघांना अंटार्क्टिका दाखवायचंय. एकीकडे अडीच हजार प्रवाशांचं मोठं जहाज आहे, भाडं आवाक्यातलं. दुसरीकडे दोनशेच्या आतल्या प्रवाशांचं लहान, आलिशान जहाज, भाडं तिप्पट-चौपट. आई शाकाहारी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि गेटवेहून मांडव्याला जातानासुद्धा त्यांना बोट लागते. एवढे पैसे मोजून नेमकं जास्तीचं काय मिळतं, आणि आईंना हे झेपेल का?

मी मूळची मालवणची. सतरा वर्षं जहाजांच्या हॉटेल विभागात काढली, म्हणजे केबिन, स्वयंपाकघर आणि प्रवाशांची सगळी उस्तवार. पहिली पाच वर्षं मोठ्या क्रूझवर, पुढची बारा ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या लहान जहाजांवर. उत्तर आधीच देऊन टाकते: लहान जहाजच घ्या. पण ते आलिशान आहे म्हणून नको, त्यावर माणसं कमी आहेत म्हणून घ्या. तुमच्या भाड्यातला जो पैसा गर्दी कमी ठेवण्यात जातो तो पुरेपूर वसूल होतो. जो स्वीट म्हणजे प्रशस्त खोली, बटलर आणि महागड्या वाइनमध्ये जातो, तो तुमच्या आईबाबांच्या फारसा कामाचा नाही.

याचं कारण नियमांत आहे. अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची 'आयाटो' नावाची संघटना आहे, १९९१ साली सात कंपन्यांनी मिळून सुरू केलेली. तिचा दंडक असा की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कोणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. आणि लहान जहाज असलं तरी एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी जमिनीवर नकोत, दर वीस जणांमागे एक मार्गदर्शक हवा, आणि एका जागी एका वेळी एकच जहाज. काही नाजूक जागांवर तर २०० किंवा त्याहून कमी प्रवाशांच्या जहाजांनाच परवानगी असते.

म्हणजे अडीच हजारांच्या जहाजावरून अंटार्क्टिका दिसतं, पण पाय लागत नाही. मोठ्या जहाजांवर असताना मी दोन हंगाम हे जवळून पाहिलंय. समोर हिमनद्या, पाण्यात व्हेल, आणि कठड्याला तीन-तीन रांगा. एका सकाळी आपल्याकडच्याच एक आजी मला विचारत होत्या, "आपण उतरायचं कधी?" उतरणार नाही हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं होतं, त्यांच्या मुलाच्या नजरेतून ते सुटलं होतं. त्यांना ते सांगण्याचं काम माझ्यावर आलं. तेव्हापासून मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते: प्रवासी किती?

आता हिशेब बघा. जहाज एका जागी सकाळी साधारण तीन-साडेतीन तास थांबतं, दुपारी दुसऱ्या जागी तेवढंच. जहाजावर शंभर प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात आणि जवळजवळ पूर्ण वेळ तुमचा. दोनशे असतील तर दोन तुकड्या होतात: अर्धे किनाऱ्यावर, अर्धे झोडियाक नावाच्या रबरी होडीतून हिमखंडांमधून फेरफटका मारतात, मग अदलाबदल. हेही छान जमतं, कारण होडीतली फेरी स्वतःच बघण्यासारखी असते. साडेचारशे असतील तर मात्र चार-पाच तुकड्या, आणि तुमचा बराचसा दिवस आपल्या तुकडीचा पुकारा होण्याची वाट बघण्यात जातो. जहाज तेवढंच सुंदर, जेवण तेवढंच चांगलं, पण जमिनीवर तासभर. म्हणून 'लहान जहाज' या शब्दावर जाऊ नका, साडेचारशेचं जहाजही माहितीपत्रकात लहानच म्हणवून घेतं. दोनशेच्या वर जाऊ नका. काही जहाजांची क्षमता दोनशेहून थोडी जास्त असते, पण अंटार्क्टिकात ती दोनशेच जागा विकतात. ती चालतील.

त्या जमिनीवरच्या वेळात काय होतं, तेही सांगते, कारण पैसे त्यासाठीच चाललेत. कुव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. उतरल्यावर आधी वास येतो, उग्र, सुक्या मासळीच्या बाजारासारखा. मग आवाज. पेंग्विन खडे गोळा करून घरटं रचतात आणि शेजाऱ्याचा खडा चोरतात, त्यावरून कलकलाट. पहिली वीस मिनिटं प्रत्येक जण फोटो काढतो. नंतर फोन खिशात जातात. त्यानंतरचा जो अर्धा तास असतो, जेव्हा माणूस नुसता उभा राहतो आणि बर्फात ठरलेल्या पायवाटेनं एक पेंग्विन त्याच्या पुढून निघून जातो, तो तासाभराच्या उतरण्यात मिळतच नाही. नेको हार्बरला समोरच्या हिमनदीचा कडा कधी कधी कोसळतो. आधी तुकडा पडताना दिसतो, आवाज मागाहून येतो, ढगाच्या गडगडाटासारखा. तो दिसावा म्हणून थांबायला लागतं. थांबायला वेळ लागतो. हा वेळ माणसं कमी असली की मिळतो.

नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. पेंग्विनपासून किमान पाच मीटर, आणि त्याच्या वाटेत आपण उभे असलो तर आपण बाजूला व्हायचं. किनाऱ्यावर खायचं नाही, शेंगदाणासुद्धा नाही. उतरण्याआधी आणि परत आल्यावर बूट जंतुनाशकात बुडवायचे. जॅकेटच्या वेल्क्रोमध्ये अडकलेलं गवताचं बी आम्ही चिमट्यानं काढतो. गेल्या काही हंगामांत बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी ठेवणंही बंद आहे. हे आईंसाठी महत्त्वाचं आहे, कारण थकल्यावर तिथे बसता येत नाही. मात्र पुढची होडी पकडून जहाजावर परतता येतं, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटू नये.

केबिनबद्दल. आलिशान जहाजांवर सगळ्यात महाग स्वीट वरच्या डेकवर, बहुतेकदा पुढच्या बाजूला असतात, कारण तिथून दृश्य चांगलं. पण जहाज लाटांवर पुढे-मागे डोलतं ते सी-सॉसारखं, टोकाला सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी. डावी-उजवीकडे झुलतं ते पाळण्यासारखं, आणि जितकं उंच जाल तितका झोका मोठा. जहाजाच्या बाजूंना स्थिरक पंख असतात, ते हे झुलणं कमी करतात, पुढे-मागे डोलणं नाही. एका फेरीत वरच्या मजल्यावरच्या सर्वांत महाग स्वीटमधलं जोडपं दोन रात्री आमच्या खालच्या वाचनालयातल्या कोचांवर झोपलं. पाचशे चौरस फुटांची खोली वर रिकामी. तुमच्या आईंना बोट लागते, तेव्हा खालचा किंवा मधला डेक, जहाजाच्या मधोमध, खिडकीची साधी केबिन घ्या. बाल्कनीचा मोह टाळा: ड्रेकमध्ये, म्हणजे वाटेतल्या खवळणाऱ्या सामुद्रधुनीत, ती बंद ठेवावी लागते, आणि व्हेल आला की सगळे उघड्या डेकवर धावतात. वाचलेले पैसे शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजाकडे वळवा, किंवा दोन दिवस जास्तीच्या फेरीकडे.

हेलिकॉप्टर आणि पाणबुडी असलेली जहाजंही आहेत. मी त्यांच्यासाठी एक रुपया जास्त द्यायला सांगणार नाही. त्यांची उड्डाणं हवामानावर आणि परवान्यावर अवलंबून, पाणबुडीच्या जागा मोजक्या. त्यापेक्षा मार्गदर्शक किती आहेत, ते पक्षी आणि हिमनद्यांचा अभ्यास केलेले आहेत का, आणि ओले कपडे-बूट वाळवायची खोली गरम आहे का, हे विचारा. कप्तानाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, प्रवाशांना खुली असते का, हेही. बाबांना ते फार आवडेल.

आता बोट लागण्याचं. उश्वाया हे अर्जेंटिनाचं दक्षिण टोकाचं बंदर. तिथून संध्याकाळी निघालात की रात्र बीगल खाडीत शांत जाते आणि पहाटे ड्रेकची सामुद्रधुनी सुरू होते. केप हॉर्न ते साउथ शेटलंड बेटं, सुमारे ८०० किलोमीटर. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवणारी जमीन कुठेच नाही, म्हणून पश्चिमेचा वारा आणि लाटा मोकाट येतात. जायला साधारण दोन दिवस, यायला दोन दिवस. कधी तळ्यासारखा शांत असतो, कधी जेवणघरातल्या खुर्च्या साखळीनं जमिनीला बांधाव्या लागतात. आधीपासून कोणीच सांगू शकत नाही.

बोट लागल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती आधी घ्यावी लागते. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनसारखी औषधं डॉक्टरांना विचारून घ्या, आणि घरी एकदा घेऊन बघा, कारण काहींना त्यांनी फार गुंगी येते आणि डोलत्या जहाजावर गुंगीत चालणं धोक्याचं. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी मिळते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही, त्यामुळे बाबांनी स्वतःहून लावू नये. पोट रिकामं ठेवायचं नाही. कोरडं, थोडं थोडं खायचं. आलेपाक आणि सुंठेच्या गोळ्या सोबत घ्या, मी अजून घेते. आडवं होऊन डोळे मिटले की बहुतेकांना बरं वाटतं. जास्तच झालं तर जहाजावर डॉक्टर असतो, तो इंजेक्शन देतो. माझ्या अनुभवात अगदी वाईट लागलेली माणसंही तिसऱ्या सकाळी पहिला हिमखंड दिसल्यावर डेकवर उभी असतात.

ड्रेक टाळायचाही मार्ग आहे. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानानं दोन तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरायचं आणि तिथून जहाज गाठायचं. महाग आहे, सामानाच्या वजनावर मर्यादा असते, आणि धुकं असलं की विमान दिवसभर, कधी दोन दिवस अडकतं. ते दिवस तुमच्या फेरीतून जातात. आईंना ड्रेकची धास्तीच असेल तर हा मार्ग घ्या, पण हातात मोकळे दिवस ठेवून.

गुडघे. जहाजाच्या बाजूला लोखंडी जिना खाली सोडतात, त्याच्या तळाशी झोडियाक खालीवर होत असते. खलाशी आणि प्रवासी एकमेकांची मनगटं धरतात, हात नाही, मनगट. लाट होडीला वर आणते तेव्हा पाऊल टाकायचं, मग होडीच्या फुगीर कडेवर बसून सरकायचं. किनाऱ्यावर पाय पाण्यातच पडतो, गुडघ्याएवढे रबरी बूट बहुतेक जहाजं देतात. हे आम्ही ऐंशीच्या पुढच्या माणसांकडूनही करून घेतलंय. पण जिना उतरता येणं आणि एका पायावर क्षणभर तोल सांभाळता येणं हवं. चार-सहा महिने आधीपासून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार करायचा सराव करा. बर्फात चालायला काठ्या मिळतात. लिफ्ट आहे का हेही विचारा. खवळलेल्या समुद्रात ती बंद ठेवतात, म्हणून जेवणघराच्या डेकजवळची केबिन बरी.

जेवण हा माझाच विभाग, म्हणून खात्रीनं सांगते. सगळा किराणा फेरी सुरू होण्याआधी भरला जातो, मध्ये कुठे दुकान नाही. शाकाहार बुकिंग करतानाच लेखी कळवा, आणि 'शाकाहारी' एवढंच लिहू नका. मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, सूपमध्ये मांसाचा अर्क नको, हे एकेक लिहा. जैन जेवण असेल तर तेही. आलिशान जहाजावर फ्रेंच पद्धतीचं शाकाहारी ताट सुंदर येतं, पण चौथ्या दिवशी आपल्या माणसाला वरणभातच हवा असतो. बऱ्याच जहाजांच्या स्वयंपाकघरात गोव्याची मुलं असतात. आधी सांगितलं तर ती मनापासून करून देतात, डाळ-मसाला मागवून ठेवतात. चिवडा-लाडू केबिनमध्ये ठेवा, किनाऱ्यावर नाही. आणि चिलीमार्गे जाणार असाल तर फळं, बिया, सुकामेवा जाहीर केल्याशिवाय नेऊ नका, तिथले अधिकारी फार कडक आहेत आणि दंड मोठा होतो.

सुरक्षिततेबद्दल बाबांनी विचारलंय. लार्स-एरिक लिंडब्लाड या पर्यटन व्यावसायिकानं १९६६ साली पहिल्यांदा प्रवाशांची सफर अंटार्क्टिकाला नेली आणि १९६९ साली या कामासाठीच 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' हे लहान लाल जहाज बांधून घेतलं. पुढे मालक बदलत गेलेलं तेच जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये साउथ शेटलंडजवळ बर्फावर आदळून बुडालं. त्यावरचे सगळे १५४ जण वाचले, कारण समुद्र शांत होता आणि दुसरी जहाजं जवळ होती. त्यानंतर नियम खूप घट्ट झाले. ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधन तेल वापरायला, नुसतं न्यायलाही बंदी आहे. १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहे: जहाजाचा सांगाडा, जीवनरक्षक साधनं, कप्तानाचं प्रशिक्षण, सगळं त्यात येतं. जहाज कोणत्या बर्फवर्गाचं आहे, म्हणजे बर्फाचा मार सोसायला ते किती मजबूत आहे, ते विचारा. सांगायला कचरणारी कंपनी सोडून द्या.

वेळापत्रक मात्र कोणीही कागदावर पक्कं देऊ शकत नाही. हिमनद्यांवरून येणारा जड वारा अर्ध्या तासात सुटतो. एका फेरीत आम्हाला ओळीनं चार ठिकाणी उतरता आलं नाही. लेमेअर खाडी बर्फानं बंद होती, पॅराडाइज बेला वारा. प्रवासी चिडले, एक गृहस्थ माझ्यावर ओरडले. कप्तानानं रात्रभर जहाज फिरवून डिसेप्शन बेटाच्या पोटात नेलं. हा ज्वालामुखीचा खचलेला घेर आहे, आत समुद्र शिरलेला, काळी वाळू, पहाटे तिच्यातून वाफ निघत होती. १९६९ च्या उद्रेकानं मोडलेली जुनी व्हेलशिकारीची वसाहत तिथे पडून आहे. लहान जहाज होतं म्हणून कप्तानाला असं वळता आलं. आईबाबांना आधीच सांगून ठेवा की अमुक जागा दिसलीच पाहिजे असं मनाशी धरू नका.

आणखी एक प्रश्न आपल्याकडचे हमखास विचारतात: 'मैत्री' किंवा 'भारती' ही तिथली भारताची संशोधन केंद्रं बघता येतील का? नाही. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र आजही वास्कोला आहे. पण आपली दोन्ही केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात, प्रवासी जहाजं जातात त्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर.

कागदपत्रांत एक गोष्ट अनेकांची चुकते. अर्जेंटिना आणि ब्राझील पीतज्वराच्या यादीत आहेत, त्यामुळे भारतात परतताना लसीचं पिवळं कार्ड मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं, ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. विम्यात समुद्रावरून रुग्णाला बाहेर काढण्याचा खर्च असलाच पाहिजे, आणि जुने आजार लपवू नका. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण पैसे भरायच्या वेळी हाताशी लागतात. ब्युनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमान एका विमानतळावर आणि उश्वायाचं बहुतेकदा शहरातल्या दुसऱ्या विमानतळावर असतं. जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी उश्वायाला पोचा. सामान हरवलं तर जहाज थांबत नाही.

महिना कोणता? नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा असतो, पण थंडी जास्त आणि पाऊल खोल रुतणारं. फेब्रुवारी-मार्च व्हेलसाठी उत्तम, पण तोवर वसाहतींमध्ये चिखल होतो आणि आईंच्या गुडघ्यांना तो निसरडा. मी जानेवारीचा मध्य सुचवेन: पिल्लं बाहेर आलेली असतात, तापमान शून्याच्या आसपास, आणि रात्री उशिरापर्यंत उजेड. हेच दिवस सर्वांत महाग आहेत, हे खरं.

डॉक्टरांनी ड्रेकला नकार दिलाच, तर स्वालबार्डचा विचार करा. नॉर्वेच्या उत्तरेला, ऑस्लोहून विमानानं पोचता येतं, बेटांच्या आडोशानं समुद्र बराच शांत, आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात जाणाऱ्या जहाजांना २०० प्रवाशांची मर्यादा आहे. पेंग्विन नाहीत, वॉलरस आणि नशीब असेल तर ध्रुवीय अस्वल. फक्त लक्षात ठेवा, स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, परत ऑस्लोला उतरायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो.

पैसे भरायची घाई करू नका. पावसाळा संपून मांडव्याची फेरी पुन्हा सुरू झाली की आईंना डॉक्टरांनी दिलेली गोळी तासभर आधी देऊन एकदा नेऊन आणा, खालच्या डेकवर, मधोमध बसवून. त्या दिवशी कसं वाटलं ते मला कळवा, मग केबिन कुठली घ्यायची ते नकाशा बघून ठरवू.